गावातल्या वाड्यात लेखक-कलावंतांचा निवास: सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाराशिवकडच्या कळंब तालुक्यातल्या गावात वडिलोपार्जित वाडा आहे, जुनं माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, मागे परस, शिवारात चार एकर रान. नोकऱ्या सोडून तुम्ही दोघं नवरा-बायको गावी परतलात. वाड्यात ग्रामीण कला केंद्र उभं करून चित्रकार, शिल्पकार, लेखक यांना महिना-महिना राहायला बोलवायचं आहे. मुंबई-पुण्याची नावाजलेली मंडळी कशी येतील, त्यांच्याकडून पैसे घ्यावेत की त्यांना द्यावेत, किती दिवस ठेवावं, गावाला यात कसं घ्यावं आणि यंदाच सुरू करता येईल का, असं तुम्ही विचारलंत.

बालाघाटाच्या डोंगररांगेत असंच एक लहानसं केंद्र मी बरीच वर्षं चालवते आहे. लेखक, चित्रकार, नाटकवाले, मातीकाम करणारे असे सगळे आमच्याकडे राहून गेले. त्यावरून जे उमगलं ते लिहिते.

नावाजलेल्या मंडळींचा प्रश्न आधी बाजूला ठेवा. ती येतील. एकाला जागा आवडली की तो चार जणांना सांगतो. पण निवासाची खरी निकड ज्यांना आहे ती माणसं तुमच्यापासून एसटीने तास-दीड तासावर राहतात. केजच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेची कादंबरी घरातली सगळी जेवणं उरकल्यावर रात्री अकराला सुरू होते आणि साडेअकराला डोळे मिटायला लागतात. वाशीत कृषी सेवा केंद्रात खताची बिलं फाडता फाडता कविता लिहिणारा एखादा पोरगा असतो. ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, होऊन नोकरी न लागल्यामुळे लग्नाचे स्टेज सजवणारा चित्रकार असतो. फ्लेक्स आल्यापासून त्याचं पाट्या रंगवायचं कामही गेलेलं असतं. 'रेसिडेन्सी' हा शब्द यांच्या कानावर पडलेला असतो, पण अर्ज ते करत नाहीत, कारण अर्ज इंग्रजीत असतो, आधीची प्रदर्शनं विचारलेली असतात, दोन मोठ्या माणसांची शिफारसपत्रं मागितलेली असतात. मुंबईच्या चित्रकाराला तुमच्याकडे शांतता मिळेल, पण ती त्याला अलिबागलाही मिळते. केजच्या त्या बाईंना आतून कडी लावून बसता येईल अशी खोली दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. म्हणून माझा आग्रह असा की पहिल्या तुकडीत निम्म्याहून जास्त माणसं मराठवाड्यातली घ्या. त्यांच्या सोयीने सगळी रचना करा. ती रचना मुंबईच्या माणसालाही पुरते. उलट बाजूने सुरुवात केली तर तसं होत नाही.

डोक्यावर छप्पर, पोटाला अन्न, जवळ पुस्तकं आणि भोवती त्याच वेडाची माणसं, एवढं मिळालं की मराठवाड्यात काय घडतं, हे आपण एकदा पाहिलेलं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. त्या नागसेनवन परिसरातली वसतिगृहं, ग्रंथालय आणि रात्र-रात्र चालणाऱ्या चर्चा यांतून लिहिणाऱ्यांची एक अख्खी पिढी उभी राहिली आणि तिने मराठी साहित्याची दिशा बदलली. त्याला कोणी कलानिवास म्हटलं नसेल. पण खेड्यातून आलेल्या मुलाला तिथे जे पहिल्यांदा मिळालं, ते म्हणजे स्वतःचा वेळ आणि सोबत. तुम्ही देऊ बघताय तेही तेवढंच आहे.

दुसरा दाखला अजिंठ्याचा, आणि तो सावध करणारा आहे. रॉबर्ट गिल हा मद्रास सैन्यातला अधिकारी १८४४पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत राहिला, वर्षानुवर्षं त्याच भागात राहिला. ती मोठमोठी चित्रं लंडनला गेली आणि बहुतेक सगळी १८६६मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पुढे १८७२पासून जॉन ग्रिफिथ्स जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले. त्यांच्या कामाचाही मोठा भाग १८८५मध्ये लंडनच्याच साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेला. लेडी हेरिंगहॅम १९०९ ते १९११च्या हिवाळ्यांत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार होते, आणि अजिंठ्यात जे पाहिलं त्याची छाप पुढे बंगालच्या चित्रकलेवर राहिली. पाहुण्यांनी इथून खूप नेलं, त्यातून त्यांची कला वाढली, याचा आनंदच आहे. पण अजिंठा गावात, फर्दापुरात त्या कामातलं काय राहिलं? आमच्याकडे म्हणून एक नियम आहे. मूळ चित्र किंवा शिल्प आम्ही मागत नाही, ते कलावंताचंच. पण इथे केलेल्या कामाची एक चांगली प्रत, छायाचित्र, छापील पानं किंवा ध्वनिमुद्रण, गावच्या वाचनालयात राहतं. बऱ्याच केंद्रांत जाताना एक मूळ कलाकृती ठेवून घेतात. मला ते पटत नाही. गरीब कलावंताकडून ते भाडं वसूल केल्यासारखं होतं.

आता वाड्याकडे येऊ. तुमचा उत्साह मला समजतो, पण त्या माळवदाखाली परक्या माणसाला झोपवण्याआधी स्थापत्य अभियंत्याकडून ते तपासून घ्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात जवळजवळ आठ हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली गेली. आपल्याकडची दगडी भिंत दोन पदरी असते. बाहेरून घडीव दगड, आतून दगड, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही पदर एकमेकांना बांधणारे आरपार दगड पुष्कळ ठिकाणी नसतातच. हादरा बसला की पदर सुटतात, भिंत फुगते आणि वरचं सगळं आत येतं. वर पुन्हा दर पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायची रीत. थर चढत जातो, जुना कोणी काढत नाही. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती असेल तर तिचं वजन चार-साडेचार टन भरतं. लाकडी खांब आणि तुळया बऱ्याचदा ते पेलतात, भिंत दगा देते. तेव्हा जादा माती उतरवणं, भिंतीत ठिकठिकाणी आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणं, वरून सलग पट्टा फिरवणं, हे आधी करा. मग चुना, मग रंग, मग देवळीतले दिवे. माळवदाचा गारवा मला फार प्रिय आहे. मे महिन्यात पारा बेचाळिसावर असताना त्याच्यासारखी खोली नाही. पण तो गारवा सुरक्षित करून घ्यावा लागतो.

वाड्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि ती अभियंता सांगणार नाही. गावात तो वाडा कोणाचा म्हणून ओळखला जातो? पाटलांचा, देशमुखांचा, सावकाराचा? मग त्याच्या दिंडी दरवाजातून आत यायला गावातली निम्मी माणसं आजही कचरतात. बौद्धवस्तीतला शाहीर, तांड्यावरची गाणं म्हणणारी बाई, मांगवाड्यातला हलगीवाला, यांना 'या ना, आपलाच वाडा आहे' म्हटल्याने ती भीड मोडत नाही. तुमच्या आजोबांच्या काळी ती माणसं कुठे थांबायची, हे त्यांना ठाऊक आहे. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं गावाबरोबरचा एकही कार्यक्रम वाड्यात करू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत करा, समाजमंदिरात करा, वाचनालयात करा. कामाला माणसं घ्याल ती एकाच आळीतली घेऊ नका. पाण्याचा माठ एक, पंगत एक. पाहुण्यांना गाव दाखवायला नेताना फक्त मंदिर आणि बारव दाखवून परत आणू नका. हे जपलंत तर वाड्याचा दरवाजा हळूहळू आपोआप मोठा होतो. आमच्या गावात तो झालेला मी पाहिला आहे.

पाण्याचा हिशेब आधीच मांडून ठेवा. २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही, आणि पाहुणा तर बोअर आटल्यावरही दोन वेळा अंघोळ करतो. माळवदाचं पाणी गढूळ येतं, त्यामुळे मागच्या पडवीवर किंवा नव्या बांधकामावर पत्रा किंवा स्लॅब असेल तर त्याचं पाणी धरा. हजार चौरस फूट छपरावर हंगामात सातशे मिलिमीटर पाऊस पडला तर पासष्ट हजार लिटर होतात. गळती, उडणं, पहिलं धुवण धरून बावन्न हजार हाती लागलं तरी सहा माणसांना माणशी शंभर लिटरने जवळजवळ तीन महिने जातं. टाकी तेवढ्या अंदाजाने बांधा. आणि अर्जातच विचारा की तुमच्या कामाला पाणी किती लागेल. छापाचित्रवाल्याला धुलाईला भरपूर लागतं, हातकागदवाल्याला त्याहून जास्त, कवीला एक तांब्या. फेब्रुवारीनंतर जास्त पाण्याचं काम घेऊच नका.

विजेचंही तसंच. गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर वेगळा असतो. थ्री फेज कोणत्या वेळी येते हे लाइनमनला विचारून ठेवा. विजेवर चालणाऱ्या मोठ्या भट्टीच्या फंदात सुरुवातीला पडू नका. तुमच्यापासून तेर किती जवळ आहे! गोरोबाकाकांचं गाव, प्राचीन तगर, रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातल्या त्या मातीच्या मूर्ती. मातीकाम करणारा कलावंत आला की त्याला आधी तिथे पाठवा आणि मग आसपासच्या गावात ज्या कुंभाराचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, अजून लागतो त्याच्याबरोबर बसवा. आव्यात भाजायला जागा दिली म्हणून कुंभाराला पैसे द्या. त्याचं सरपण, त्याची मेहनत, त्याचा दिवस जातो.

दिनदर्शिका केंद्राने ठरवायची नसते, ती शेती ठरवते. मृगाचा पाऊस पडला की पेरणी संपेपर्यंत तुमच्याकडे कोणाला उभं राहायला वेळ नाही. श्रावणापासून पितृपक्षापर्यंत गाव भरलेलं असतं: सप्ते, भजनं, पोळा, महालक्ष्म्या. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, विशेषतः बीडकडच्या गावांतून आणि तुमच्याही तालुक्यातून. मग कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, कितीतरी घरांत म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरंच उरतात. मार्गशीर्ष-पौषात हुरडा आणि तुमच्याकडची येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. शिवारात कोप करून पांडव पूजतात, भज्जी, आंबील, उंडे घेऊन सगळं गाव रानात जेवतं. एक तुकडी श्रावण-भाद्रपदात आणि एक मार्गशीर्ष-पौषात, एवढंच करा. मार्च ते जून केंद्र बंद ठेवा, डागडुजी करा. पावसाळ्यातल्या तुकडीत तैलरंग लवकर वाळत नाहीत आणि कागदाला दमट वास लागतो, हे चित्रकारांना आधीच कळवा. हिवाळ्यातल्या तुकडीत येणाऱ्याला, गाव अर्धं रिकामं असेल आणि ते का रिकामं आहे, हे सांगा. एखादा लेखक त्या रिकामेपणावर लिहीलही. पण तो आधी नीट समजून घेईल असा असावा.

किती दिवस? चित्रकार-शिल्पकारांना चार आठवडे बरे. पहिले चार-पाच दिवस काहीच होत नाही. माणूस झोपतो, फिरतो, फोनवर बोलतो, त्याला अपराधी वाटतं. ते दिवस त्याला देऊन टाका, चौकशी करू नका. पण घर सोडून एवढे दिवस येणं बायकांना जमत नाही, आणि नोकरदारांना रजा मिळत नाही. त्यांच्यासाठी बारा-बारा दिवसांचे दोन मुक्काम ठेवा, मधे दोन-तीन महिन्यांचं अंतर. आमच्याकडे या पद्धतीने झालेलं लेखन सलग महिन्यापेक्षा उजवं निघालं. पहिल्या मुक्कामात खर्डा होतो, मधल्या काळात तो मनात मुरतो, दुसऱ्यात सुधारला जातो. लहान मूल बरोबर आणायची परवानगी द्या आणि सोबत आजी किंवा बहीण आली तर तिचीही सोय करा. एवढ्या एका ओळीने अर्ज करणाऱ्या बायकांची संख्या बदलते.

एक प्रसंग सांगते. अंगणवाडीत काम करणाऱ्या एक बाई आमच्याकडे कथा लिहायला आल्या होत्या. सकाळी उठल्या की थेट स्वयंपाकघरात. पीठ मळायला घ्यायच्या, भांडी विसळायच्या. रिकामं बसायची त्यांना सवयच नव्हती आणि दुसऱ्या बाईने रांधलेलं आयतं खायची लाजही वाटत होती. तिसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकीण मावशींनी त्यांच्या हातातली परात काढून घेतली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही लिहायला आलाव का भाकरी थापायला? उठा, तिकडं बसा. भाकरी माझी मी बघते." त्या दिवशी बाईंनी दुपारपर्यंत लिहिलं. निवासाचा खरा आरंभ मला नेहमी त्या परातीपाशी दिसतो. तेव्हापासून लेखी नियमच केला: राहणाऱ्या कोणीही, बाई असो वा पुरुष, स्वयंपाकघरात कामाला जायचं नाही, ताट मात्र प्रत्येकाने आपलं आपण घासायचं. जेवण साधं ठेवा, भाकरी, येसर आमटी, पिठलं, शेंगाची चटणी. सामिष मिळेल की नाही आणि दारू चालणार नाही, हे निवडपत्रातच स्पष्ट लिहा. आल्यावर सांगितलं तर वाद होतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत भीड बाळगू नका. प्रत्येक खोलीला आतून पक्की कडी, न्हाणीपर्यंत दिवा, रात्री मुक्कामाला एक जबाबदार स्त्री. वागणुकीचे नियम मराठीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, पाहुण्यांच्या आणि तुमच्याही. दहापेक्षा कमी माणसं काम करणाऱ्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तिचा पत्ता आणि फोन भिंतीवर लावा. मोठं नाव असलेल्या माणसाला हा कागद अपमानाचा वाटला, तर त्याला बोलावू नका.

अर्ज दोन पानांचा, मराठीत. काय करायचं आहे, आत्तापर्यंत काय केलं, राहायला जागा का हवी. ज्याला लिहिण्याची भीती वाटते त्याने मोबाइलवर बोलून पाठवलं तरी चालेल. शाहीर, गोंधळी, भारूड करणारे यांना तर हाच मार्ग ठेवा. निवडीला तिघं असावेत: एक लेखक, एक दृश्यकलावंत आणि एक गावातली व्यक्ती, शिक्षिका किंवा ग्रंथपाल. जाहिरात फक्त फेसबुकवर टाकली तर तेच तेच लोक अर्ज करतात. तालुक्याच्या वाचनालयांत, महाविद्यालयांच्या मराठी विभागांत, विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात, मराठवाडा साहित्य परिषदेच्या शाखांत कागद चिकटवून या. उदगीरला, धाराशिवला अखिल भारतीय साहित्य संमेलनं झाली तेव्हा मांडवात किती तरुण वह्या घेऊन बसले होते! ती पोरं अजून इथेच आहेत.

पैशाबद्दल माझं मत ठाम आहे. राहणाऱ्याकडून शुल्क घेऊ नका. घ्यायचंच असेल तर त्याला सशुल्क मुक्काम म्हणा, तोही चांगला उद्योग आहे, पण मग निवड कलेवर होत नाही, खिशावर होते. उलट मानधन द्या, थोडं का होईना. शिक्षिका बिनपगारी रजा टाकून येते, स्टेज सजवणारा लग्नसराईतली दोन कामं सोडून येतो. तीन जणांच्या चार आठवड्यांच्या एका तुकडीचा अंदाज देते. चहा-जेवण माणशी दिवसाला ३०० रुपयांनी २५,२००. मानधन प्रत्येकी १५,००० म्हणजे ४५,०००. प्रवास ९,०००, कामाचं साहित्य १५,०००, स्वयंपाकीण १२,०००, मदतनीस ८,०००, वीज-पाणी ६,०००, गावातल्या कलावंतांचं मानधन १५,०००. वर दहा टक्के अडीअडचणीला. एकूण दीड लाखाच्या आत-बाहेर बसतं. वाड्याची दुरुस्ती यात धरलेली नाही.

हे दीड लाख आणायचे कुठून? संस्था न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात नोंदवा, मग आयकर खात्याकडे धर्मादाय संस्था म्हणून आणि देणगीवरच्या करसवलतीसाठी (जुन्या कायद्यातली १२ए आणि ८०जी) नोंदणी करा, म्हणजे जुन्या करप्रणालीतल्या देणगीदाराला करसवलत मिळते. कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक दायित्वाच्या निधीची, आस लगेच धरू नका, तिथे साधारण तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. परदेशी देणगीसाठी एफसीआरए नोंदणी लागते, त्यालाही संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी. म्हणजे पहिली तीन वर्षं आपल्याच लोकांची. पुण्यात नोकरीला असलेले गावकरी, तालुक्याचे डॉक्टर, शिक्षकांची पतसंस्था. एकेका खोलीचा एका हंगामाचा खर्च एकेकाने उचलावा, असं मागा. मोघम देणगीपेक्षा लोक ते आनंदाने देतात. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स भारतीय भाषांतले अर्ज घेतं, तेव्हा तुमच्याकडे राहू इच्छिणाऱ्या कलावंताला स्वतःच्या प्रकल्पासाठी तिथे मराठीत अर्ज करायला सांगा. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन नोंदवावी लागते. ते विसरून चालत नाही.

गाव यात कसं घ्यावं, या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वजन देते. कर्नाटकात सागर तालुक्यातल्या हेग्गोडू या लहान गावात १९४९पासून निनासम ही नाट्यसंस्था चालते. तिचे संस्थापक के. व्ही. सुब्बण्णा यांना १९९१मध्ये मॅगसेसे मिळालं, पण त्याआधी चार दशकं त्यांनी गावच्याच प्रेक्षकांसमोर नाटकं केली होती. एवढा धीर ठेवावा लागतो. देणगीदार लगेच विचारतात, किती कार्यशाळा झाल्या, किती मुलांना लाभ झाला. मग राहायला आलेला लेखक रोज सकाळी शाळेत मुलांना कागदाच्या चिमण्या शिकवतो आणि त्याचं पुस्तक राहून जातं. मुक्कामात एकच खुली संध्याकाळ ठेवा, शेवटच्या आठवड्यात. लेखकाने दोन पानं वाचावीत, चित्रकाराने अर्धवट चित्रं मांडावीत, लोकांनी बोलावं. आमच्याकडे एका तरुण लेखकाने कथा वाचली. तीत मृगात पेरलेल्या ज्वारीचा संक्रांतीच्या सुमारास हुरडा खातात असं होतं. मागे बसलेले एक आजोबा उठून म्हणाले, "मृगात हायब्रीड पेरत्यात बाबा. हुरड्याची ज्वारी हस्तात पेरतो आपण. तुझी ज्वारी तर दिवाळीलाच निघून गेली, हुरडा कशाचा खाल्ला?" सगळी शाळा हसली, लेखकही हसला. पण रात्री बसून त्याने कथेचा काळच बदलला, आणि ती चांगली झाली. संपादकाने ही चूक पकडली नसती.

गावातल्या कलावंतांना पाहुण्यांचं मनोरंजन म्हणून बोलावू नका. गोंधळ घालायला सुपारी देऊनच बोलावतात, ही आपली जुनी रीत आहे. तीच पाळा, ठरलेली रक्कम आधी द्या. चित्रीकरण करायचं असेल तर ते वेगळं विचारा, वेगळे पैसे द्या, कशासाठी वापरणार हे मराठीत लिहून द्या आणि एक प्रत त्यांच्या हातात ठेवा. संबळाचा आवाज कोणाच्या तरी माहितीपटात वाजतो आणि वाजवणाऱ्याला त्याची खबरही नसते, हे मी फार पाहिलंय आणि त्याचा मला राग येतो. याच्याही पुढे जा: एका तुकडीत एक जागा गोंधळी, शाहीर किंवा भारूडकाराला निवासी म्हणून द्या, तेच मानधन, तीच खोली. पिढीजात कलावंताला नवीन काही रचायला निवांतपणा कोणी कधी दिलेलाच नसतो. अंबाजोगाईत संतकवी दासोपंतांनी एवढी मोठी पासोडी कापडावर लिहून काढली, ती काय धावपळीत?

राहिला यंदाचा प्रश्न. यंदा निवास सुरू करू नका. या उन्हाळ्यात माळवद आणि भिंती करून घ्या, पावसाळ्याआधी टाकी बांधून होऊ द्या. श्रावणात सप्त्याच्या निमित्ताने पंचक्रोशीतल्या लिहिणाऱ्या-रंगवणाऱ्या माणसांची यादी करा, घरी जाऊन भेटा. गावच्या वाचनालयाला शासनाचं अनुदान ज्या वर्गाचं असेल, अगदी शेवटच्या ड वर्गाचं असलं तरी, त्यांच्याशी लेखी करार करा आणि पाहुण्यांच्या वाचनाची सोय तिथेच ठेवा. येळवसेला दोन-तीन ओळखीच्या कलावंतांना आठवडाभर राहायला बोलवा, पैसे-मानधन सगळं रीतसर देऊन. पाणी कुठे कमी पडतं, रात्री कुठला दरवाजा वाजतो, मावशींना किती माणसांचा स्वयंपाक झेपतो, ते तेव्हा कळेल. पुढच्या वर्षी ज्येष्ठात जाहिरात काढा, अर्जाला महिना द्या, श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात पहिली तुकडी येऊ द्या. अर्जाचा आणि गोंधळी मंडळींशी करायच्या कराराचा आमचा मराठी नमुना मी तुम्हाला देईन. तुमच्या गावाला साजेल तसा बदलून घ्या.